समजा, गुआरा तेवांतेपेक ओलांडून गेला असता तर? (अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांचं शिडाचं तंत्र : पर्यायी इतिहास)

खारावारा (धागाकर्ता)

आधी खरा इतिहास, मग फाटा कुठे फोडायचा ते.

१५२६ च्या सुमारास पेरू जिंकणाऱ्या पिसारोचा सुकाणूधर बार्तोलोमे रुईस याने इक्वाडोरच्या किनाऱ्याजवळ एक तराफा पकडला. त्याचं वर्णन स्पॅनिश कागदपत्रांत नीट आलं आहे. भार सुमारे ३० तोनेल (जहाजाच्या भाराचं जुनं स्पॅनिश माप), वर २० माणसं. खाली जाड ओंडके, त्यावर वेताचा मजला, म्हणजे ओंडक्यांवरून पाणी गेलं तरी माल आणि माणसं कोरडी. चांगल्या लाकडाची डोलकाठी आणि परबाण (शीड बांधायचं आडवं लाकूड), सुती शिडं, घायपाताच्या जातीच्या वाखाचे दोर, आणि धार लावायच्या गोल दगडासारखे दगडी नांगर. मालात सोन्याचांदीचे दागिने, लोकरी आणि सुती कापड, सोनं तोलायचे छोटे काटे. हे सगळं देऊन त्यांना लालसर स्पॉन्डिलस शिंपले घ्यायचे होते. २० पैकी ११ जणांनी समुद्रात उड्या टाकल्या.

याच किनाऱ्यावरून धातुकाम समुद्रमार्गे पश्चिम मेक्सिकोत गेलं, साधारण इसवी सन ६५० च्या आसपास, असं डोरोथी हॉसलर यांनी वस्तूंची घडण आणि मिश्रधातूंचं प्रमाण तपासून मांडलं आहे. म्हणजे हे लोक मेक्सिकोपर्यंत जात होते. तिथून अटलांटिकच्या बाजूला जायला तेवांतेपेकची संयोगभूमी आहे, जेमतेम २०० किमी रुंद. तरीही कॅरिबियनमध्ये मोठमोठ्या होड्या वल्ह्यांवरच चालत राहिल्या.

माझा फाटा असा : इ. स. ७०० ते ९०० च्या दरम्यान तराफेवाल्यांची एक वस्ती तेवांतेपेकच्या खाजणात कायमची बसते आणि शिडाचं ज्ञान कोआत्साकोआल्कोस नदीने खाली उतरून माया व्यापाऱ्यांच्या हाती पडतं. १४९२ पर्यंत काय काय बदलेल?

अट एकच. लोखंड नाही, खिळा नाही, बाहेरून आलेला कोणी शहाणा गुरू नाही. जे लाकूड, जो वाख, जे कापड तिथे होतं त्यातूनच सगळं उभं राहिलं पाहिजे.

वजनकाटा

धागा आवडला. तराफ्याच्या तरंगण्याचं गणित आधी मांडतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत जाणार नाही.

७ ओंडके, प्रत्येकी १० मीटर लांब, ६० सेंमी व्यासाचे. एका ओंडक्याचं घनफळ २.८३ घनमीटर, सातांचं १९.८. सगळे ओंडके पूर्ण बुडाले तर समुद्राचं पाणी साधारण २०.३ टन उचलून धरेल. अर्धवट ओला बाल्सा (तराफ्याचं अतिशय हलकं लाकूड) घनमीटरला २५० किलो धरला तर लाकडाचं वजन ५ टन, शिल्लक १५ टन. त्यातलं निम्मं वापरावं, कारण लाट अंगावर आली की तराफा दबतो आणि तेव्हा उसळी शिल्लक लागते. म्हणजे माल, माणसं, पाणी, खोपट आणि डोलकाठी मिळून साडेसात टन.

आता लाकूड पाणी पितं. तेच लाकूड घनमीटरला ५०० किलोवर गेलं की लाकडाचं वजन १० टन आणि शिल्लक १० टनांवर येते. म्हणून ओंडके ताजे, चिकासकट तोडून वापरायचे. वाळवलेला बाल्सा सुरुवातीला हलका वाटतो, पण कोरडी भोकं पाणी ओढून घेतात. १९४७ मध्ये पेरूहून पॉलिनेशियाला गेलेल्या हायरदालच्या कॉन-टिकी तराफ्याचे ओंडकेही ओलेच तोडलेले होते.

लाकूड ओलं होण्यापेक्षा मोठा शत्रू टेरेडो किडा. उबदार समुद्रात तो मऊ लाकूड आतून चाळणी करतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ड्यूअन आणि हॉसलर यांच्या २००८ च्या अभियांत्रिकी अभ्यासात इक्वाडोर-मेक्सिको अशा जाऊन-येऊन दोन फेऱ्या, मग नवा तराफा, असा हिशोब आहे. बाल्सा काही वर्षांतच तोडण्याजोगा होतो, त्यामुळे इक्वाडोरमध्ये हे परवडतं. मेक्सिकोत वस्ती करायची तर जवळपास बाल्सा हवा. तो दक्षिण मेक्सिकोत आणि अँटिलीस बेटांवरही उगवतो, त्यामुळे खारावारा यांचा फाटा इथे तरी अडत नाही.

पाण्याचाही विचार करा. २० माणसं, रोज ३ लिटर, ५० दिवस : ३ टन पाणी. साडेसातातले तीन टन पाण्यातच गेले. म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने, थांबत थांबत जाणंच खरं.

नवशिका

गुआरा म्हणजे नेमकं काय? सुकाणूशिवाय तराफा वळतो कसा, हे मला कळलेलं नाही.

दामण

@नवशिका, गुआरा म्हणजे ओंडक्यांच्या फटींतून उभी खाली सोडलेली फळी. खोर्गे ख्वान आणि आंतोनियो दे उयोआ यांनी १७४८ च्या ग्रंथात ग्वायाकीलच्या तराफ्यांच्या फळ्या तीन-चार वार लांब आणि अर्धा वार रुंद दिल्या आहेत. अशा पाच-सहा फळ्या, काही नाळेकडे (पुढच्या टोकाकडे), काही मागे. हे तराफे ४०० ते ५०० स्पॅनिश क्विंटल (एक म्हणजे सुमारे ४६ किलो) माल नेत असत, म्हणजे आजच्या मापाने २० टनांच्या आसपास.

वळण्याचं तत्त्व असं. शीड वाऱ्याचा जोर एका ठिकाणी घेतं, पाणी त्याला आडवा विरोध दुसऱ्या एका ठिकाणी करतं. ही दोन ठिकाणं एका रेषेत असली की तराफा सरळ जातो. नाळेकडची फळी खाली दाबली की पाण्याचा विरोध पुढे सरकतो, मागचा भाग वाऱ्याने ढकलला जातो आणि नाळ वाऱ्याकडे वळते. मागची फळी खाली दाबली की उलटं होतं, नाळ वाऱ्यापासून दूर जाते. मधल्या फळ्या फक्त आडवं घसरणं थांबवतात.

दिशा पालटण्याचा क्रम : आधी मागच्या फळ्या वर ओढायच्या, पुढच्या पूर्ण खाली. नाळ वाऱ्याच्या तोंडात येऊ लागली की दामण (शीड ताणून धरणारा दोर) सैल सोडायची, परबाण दुसऱ्या अंगाला फिरवायचं. नाळ पलीकडे गेली की पुढच्या फळ्या अर्ध्या वर आणि मागच्या खाली. वारा मंद असेल तर तराफा मध्येच अडकतो आणि मागे वाहू लागतो. तेव्हा हट्ट न करता नाळ वाऱ्यापासून दूर नेत उलट्या बाजूने मोठा वळसा घ्यायचा.

काय बिघडतं? आडव्या दाबाने फळी फटीत घट्ट बसते, वर येत नाही. म्हणून फट फळीच्या जाडीपेक्षा दोन बोटं रुंद हवी आणि फळी कठीण लाकडाची, बाल्साची नाही. फळीच्या वरच्या टोकाला दोर हवाच, नाहीतर निसटलेली फळी गेलीच. दोरांची काळजी मात्र वाटते त्यापेक्षा कमी. बाल्सा इतका मऊ असतो की दोर त्यात रुतून बसतात आणि घासण्यापासून आपोआप वाचतात.

१९४७ मध्ये कॉन-टिकीवर फळ्या होत्या, पण फळ्यांनी तराफा हाकण्याची रीत तेव्हा माहीत नव्हती. मागचं मोठं वल्हं धरून माणसं थकली. १९५३ मध्ये हायरदालनेच इक्वाडोरच्या किनाऱ्यावर चाचण्या घेतल्या तेव्हा फळ्यांनी तराफा वाऱ्याविरुद्धही नेता येतो हे दिसलं. १६१९ साली छापलेल्या श्पिल्बर्गेनच्या प्रवासवृत्तातल्या चित्रात माणसं फळ्या वरखाली करताना दाखवली आहेत. समोर असलेली गोष्ट तीन शतकं नीट वाचली गेली नाही.

बारदेसकर

खारावारा, तुमच्या वस्तीला एक भक्कम आधार आहे. १५२५ मध्ये रोद्रिगो दे आल्बोर्नोस या हिशेबनिसाने स्पेनच्या राजाला कळवलं होतं की मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या साकातुला बंदरात दक्षिणेकडून मोठ्या होड्यांतून लोक उंची माल घेऊन येतात आणि परतीचं हवामान मिळेपर्यंत पाच-सहा महिने तिथेच राहतात.

गोव्याच्या किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ज्याला मोसमी वाऱ्याचं गणित माहीत आहे, त्याला हे पटकन कळेल. अरबी समुद्रातही वारा उलटेपर्यंत परक्या बंदरात महिनोन्‌महिने थांबावं लागे, आणि त्या थांबण्यातूनच किनाऱ्यावर वखारी, सोयरिकी आणि दुभाषे तयार झाले. पाच-सहा महिने रिकाम्या हाताने कोणी बसत नाही. तराफ्याची डागडुजी होते, दोर वळले जातात, स्थानिक पोरं बघतात. धातू ओतण्याची कला अशीच पसरली असणार. मग शीड का पसरलं नाही, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या मते उत्तर त्या किनाऱ्यातच आहे. मेक्सिकोच्या पॅसिफिक बाजूला आडोसा देणारी बंदरं कमी, लाटा थेट वाळूवर फुटतात. आणि तेवांतेपेकच्या आखातात ऑक्टोबर ते एप्रिल उत्तरेकडून डोंगराच्या खिंडीतून जे वारं सुटतं ते वादळी वेगाचं. ते होडीला उघड्या समुद्रात फेकतं. तिथून जायचं तर वाळूला अगदी चिकटून, म्हणजे लाट उठायला वाऱ्याला पल्लाच मिळत नाही. परक्या तांडेलाला हे शिकायला स्थानिक माणूस लागतो.

तिथल्या खाजणांत इकोत्स लोक राहतात, ज्यांना स्पॅनिश कागदांत वावे म्हटलं आहे. ते दक्षिणेकडून समुद्रमार्गे आले अशी परंपरा नोंदलेली आहे. आजही ते त्याच उत्तरेच्या वाऱ्यावर पतंग सोडून किनाऱ्यावरून जाळं समुद्रात ओढून नेतात. वाऱ्याला कामाला लावणारे लोक तिथे आहेत. तुमची वस्ती इथेच बसवा.

वजनकाटा

वस्ती बसली हे मान्य. पण तराफा अटलांटिक बाजूला नेऊन उपयोग नाही. आकडे पाहा.

कॉन-टिकीने १०१ दिवसांत सुमारे ४३०० सागरी मैल कापले. सरासरी पावणेदोन नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), तेही वारा आणि प्रवाह दोन्ही पाठीशी असताना. चांगला तराफा वाऱ्याविरुद्ध हाकताना ३ नॉट वेग घेतो असं उदारपणे धरू. आडवं घसरणं धरून त्याची खरी वाट वाऱ्याच्या दिशेपासून ७५ अंशांवर पडते असं धरू. मग वाऱ्याच्या दिशेने प्रत्यक्ष प्रगती ताशी ०.७८ सागरी मैल. कॅरिबियनमध्ये ईशान्य-पूर्वेचा वारा बहुतेक वर्षभर असतो आणि प्रवाहही पूर्वेकडून पश्चिमेला, अर्धा ते एक नॉट. म्हणजे हाती शून्य, किंवा उणे.

बेर्नाल दियास या स्पॅनिश सैनिकाने नोंदवलं आहे की १५१८ मध्ये कोझुमेल बेटावर जमैकाची एक बाई भेटली. दोन वर्षांपूर्वी मासेमारीला निघालेली त्यांची होडी प्रवाहाने तिथे आणून टाकली होती. पश्चिमेला वाहून येणं सोपं आहे, परत जाणं अवघड. पॅसिफिक बाजूला तराफा चालला कारण तिथे थांबून ऋतू पकडता येत होता. इथे वारा तसा उलटत नाही. शिडाचं ज्ञान तराफ्यावरून उतरून होडीवर चढलं तरच फाटा पुढे सरकेल.

पठाण

होडीवर शीड चढवायचं तर पहिला प्रश्न ती उलटते का हा, आणि त्याचं उत्तर रुंदीत आहे. उलटण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पाण्यालगत १ मीटर रुंद होडी १.८ मीटर केली, की लांबी तीच असताना हा आकडा जवळपास सहापट होतो. टायनो लोकांच्या (कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या) बहुतेक कोरीव होड्या लांब आणि अरुंद. त्यांवर माणसं बसली की स्थिरता काठावरच असते, शिडाला काही उरतच नाही. त्यांनी शीड लावलं नाही याचं नवल करण्याचं कारण नाही.

पण माया व्यापाऱ्यांची होडी वेगळी. १५०२ मध्ये कोलंबसला चौथ्या सफरीत होंडुरासजवळच्या ग्वानाखा बेटापाशी जी भेटली ती एकाच खोडाची, गलबताएवढी लांब आणि ८ फूट रुंद. मध्ये ताडाच्या पानांचं छप्पर, २५ वल्हेकरी, बायकापोरं, मालात कापड, कोकोच्या बिया, तांब्याच्या कुऱ्हाडी आणि तांबं वितळवायच्या मुशी.

त्या बेताची होडी धरून हिशोब करतो. पाण्यालगत १४ मीटर लांब, १.८ रुंद, मालासकट ६ टन. १० अंश कलल्यावर ती साधारण ३६५ किलोग्रॅम-मीटर (वजन गुणिले अंतर) जोराने परत उभी राहू पाहते. शिडाचा जोर पाण्यातल्या विरोधापासून ३ मीटर उंचीवर लागतो असं धरलं, तर १५ नॉट वाऱ्यात २८ चौ.मी. शीड पेलेल. पण व्यापारी वाऱ्याचा झोत सहज २२ नॉटवर जातो आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. तिथे १३ चौ.मी. ही मर्यादा. म्हणून १२ चौ.मी.चं एक बुटकं, रुंद शीड. वल्ही ठेवायचीच.

बांधणीत काय करायचं :

खोड एवढं जाड मिळालं नाही तर १.२ मीटरचं खोड पोखरून, आत पाणी भरून, तापलेले दगड टाकून आणि बाहेरून आच देऊन कडा फाकवायच्या. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ही रीत होती. कडा फाकल्या की नाळ आणि मागचं टोक वर उचलतं, मध्यभाग खाली बसतो. तिथे कडेवर एक फळी शिवून चढवावी लागते.

डोलकाठीसाठी तळाला भोक पाडायचं नाही. पोखरतानाच तळाशी लाकडाचा एक ठोकळा शिल्लक ठेवायचा आणि त्यात खाच करायची. वर आडवं फळकूट कडांना बांधून त्यातून काठी न्यायची. हे फळकूट ठोकलेलं असेल तर झोताबरोबर कड रेषेरेषेने फाटते. बांधलेलं असेल तर दोर थोडा देतो आणि लाकूड वाचतं.

गुआरा तळातून घालता येत नाही, तो वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला कडेवर टांगायचा. शिडाच्या साधारण ४ टक्के क्षेत्रफळ पुरे, म्हणजे १.५ मीटर लांब आणि ३५ सेंमी रुंद फळी. एक पुढे आणि एक मागे अशा दोन लावल्या तर दामण यांनी सांगितलेली हाकण्याची रीत इथेही लागू पडते. प्रत्येक पालटात त्या या अंगाकडून त्या अंगाला न्याव्या लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी होडी सर्वांत कमी स्थिर असते. सरावाशिवाय माणसं इथेच बुडतील.

पोथीपान

पठाण यांच्या होडीला कागदाचा एक आधारही देतो. १५१७ च्या मार्चमध्ये युकातान द्वीपकल्पाच्या टोकाशी, कातोचे भूशिराजवळ, एर्नान्देस दे कोर्दोबाच्या जहाजांकडे आलेल्या मोठ्या माया होड्या 'वल्ह्यांनी आणि शिडांनी' येत होत्या, असं बेर्नाल दियास लिहितो. तो स्वतः त्या मोहिमेत होता.

यावर फार मोठी इमारत उभारू नये. त्याने हे कित्येक दशकांनी, म्हातारपणी लिहिलं, आणि 'वल्ह्यांनी-शिडांनी' हा खलाशी भाषेतला ठरावीक शब्दप्रयोगही असू शकतो. मात्र ती ओळ खरी धरली तर धाग्यातला फाटा फार लहान होतो. शीड नव्याने आणायचं नाही, किनाऱ्याकिनाऱ्याने पाठवाऱ्यावर वापरलं जाणारं छोटं शीड वाऱ्याविरुद्ध चालवायला फक्त गुआरा जोडायचा. मला ही मांडणी अधिक आवडते. इतिहासातले खरे बदल बहुधा असे एका फळीच्या अंतरावर असतात.

मागावरची

सगळे लाकूडच बोलताहेत, कापडाचं कोणीच बोललं नाही!

मेसोअमेरिकेतला (मेक्सिको-मध्य अमेरिकेतला) माग कमरेला बांधायचा. कापडाची रुंदी विणणारीच्या हातांच्या पल्ल्याएवढी, फार तर ६० ते ७० सेंमी. तराफ्याचं ३० चौ.मी. शीड घ्या, ५ मीटर रुंद आणि ६ उंच. ६० सेंमीच्या पट्ट्या, शिवणीत ३ सेंमी जाणार, म्हणजे ९ पट्ट्या आणि ८ उभ्या शिवणी. शिवण एकेरी घातली तर वाऱ्यात पहिली तीच उसवते. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दुहेरी टाके हवेत, आणि कडेने सगळीकडे वाखाचा दोर शिवलेला हवा.

सूत किती? सेंटीमीटरला ताण्याचे १० आणि बाण्याचे १० धागे धरले तर चौरस मीटरला २००० मीटर. ३० चौ.मी.ला ६० किमी, विणीतल्या वळणाचे १० टक्के धरून ६६ किमी. चातीवर तासाला ५० मीटर कातलं तर १३२० तास. रोज सहा तास कातणाऱ्या चार बायकांचे ५५ दिवस, आणि हे फक्त कातण. पठाण यांच्या १२ चौ.मी.लाही ५०० तासांहून जास्त.

आणि हे कापड म्हणजे तिथला पैसा. सुती चादरी खंडणीत मोजून घेतल्या जात, बाजारात चलनासारख्या चालत. खंडणी वसूल करणाऱ्याला विचारा, तो शीड करू देईल का? खारं पाणी, ऊन आणि बुरशी यांच्यात सुती शीड फार टिकत नाही. ओलं गुंडाळून ठेवलं की काळे डाग पडतात आणि तिथूनच फाटतं.

म्हणून माझं मत : माया होडीवर पहिलं शीड चटईचं असेल. ताडाच्या पानांची चटई घराघरांत होती. पॉलिनेशियात केवड्याच्या जातीच्या पानांच्या चटयांची शिडं हजारो मैल गेली. चटई जड असते, भिजली की आणखी जड, आणि घडी घातली की मोडते. ती गुंडाळावीच लागते, म्हणून परबाण वर आणि खाली दोन्हीकडे हवं. पण फाटली तर कोणत्याही बंदरात दोन दिवसांत नवी विणून मिळते. सुती शीड सरदारांच्या होड्यांवर, चटई सगळ्यांच्या होड्यांवर. तंत्र पसरतं ते चटईमुळे.

खारावारा

@मागावरची ताई, चटई पक्की. युकातानमध्ये दोरासाठी हेनेकेनचा वाख मुबलक आहे आणि आखाताच्या किनाऱ्यावर नैसर्गिक डांबर वर येतं, ते ओल्मेक काळापासून वापरात होतं. शिवलेल्या फळीची फट भरायला तेच.

उलांडीवाला

पॉलिनेशियाचं नाव निघालंच आहे तर विचारतो, फाटा तिथेच का नको? २०२० च्या जनुकीय अभ्यासात पॉलिनेशियन आणि आजच्या कोलंबियाच्या बाजूच्या लोकांचा संबंध १२०० च्या सुमारास आला असं दिसलं. रताळं तर त्यांच्याकडे युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीपासून होतं. आपल्याकडच्या उपासाला ते पोर्तुगीज काळानंतर मिळालं! त्यांच्याकडे जोडहोडी, खेकड्याच्या नांगीसारखं शीड आणि उलांडी (होडीच्या बाजूला तोलासाठी बांधलेला ओंडका), सगळं तयार होतं. १९७६ मध्ये होकुलेआ ही १९ मीटरची जोडहोडी माऊ पियाइलुग यांनी कोणतंही उपकरण न वापरता हवाईहून ताहितीला नेली. अरुंद होडीला उलांडी लावली की पठाण यांचं रुंदीचं सगळं गणितच सुटतं. कोकणातली उलांडीची होडी पाहिलेल्या कोणालाही हे पटेल.

पठाण

तांत्रिकदृष्ट्या तुमची होडी माझ्यापेक्षा सरस आहे. अडचण दोन ठिकाणी. पहिली, काळ. १२०० नंतर पनामा ओलांडून कॅरिबियनभर पसरायला तीनशेच वर्षं उरतात. दुसरी, माणसं. एक-दोन होड्यांतून आलेल्यांत होडी बांधणारा, शीड विणणारा आणि तारे वाचणारा असे तिघेही असले, जगले आणि स्थानिकांनी त्यांना शिष्य दिले, तरच विद्या टिकते. तराफेवाल्यांचं तसं नव्हतं. ते पिढ्यान्‌पिढ्या येत होते. एक पिढी विसरली तरी पुढच्या मोसमात पुन्हा कोणीतरी येणार.

उलांडी मात्र घेण्यासारखी आहे. बाल्साचा ओंडका उलांडीला इतका योग्य की माया सुताराला ती स्वतःच सुचली असती असं मी मानतो. तराफेवाला शेजारी बसलेला असताना तर नक्कीच.

साथीचा अभ्यासक

आता परिणामांकडे. अशा धाग्यांवर नेहमी असं वाचायला मिळतं की शीड असतं तर हे लोक युरोपीयांपुढे टिकले असते. मला उलट वाटतं, निदान पहिल्या तीस वर्षांपुरतं.

खऱ्या इतिहासात देवी हिस्पानियोलात (आजच्या हैती-डॉमिनिकन बेटावर) १५१८ च्या डिसेंबरात उफाळली, क्यूबामार्गे १५२० मध्ये नार्वाएसच्या ताफ्याबरोबर मेक्सिकोत उतरली. देवीची लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ७ ते १९ दिवस जातात. वल्ह्यांच्या होडीतून बेटाबेटाने जाताना आजारी माणूस वाटेतच आडवा पडतो आणि वल्हेकरीच कमी होतात, त्यामुळे साथ रेंगाळते. शिडाच्या होडीने क्यूबाहून युकातान वाऱ्याबरोबर एक-दीड दिवसात येतं. माणूस धडधाकट उतरतो, बाजारात जातो, आठवड्याने तापतो. तुमच्या जगात देवी १५१९ च्या सुरुवातीलाच, मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसच्या आधी, माया बंदरांत पोचेल. आणि तेवांतेपेकच्या वस्तीतून पॅसिफिक बाजूलाही.

दुसऱ्या पारड्यात बातमी आहे. हिस्पानियोलात १४९३ पासून काय चाललं होतं, जबरदस्तीची सोन्याची खंडणी, मरणारी गावं, हे युकातानला तेव्हा नीट कळलं असं दिसत नाही. पंचवीस वर्षांची तयारीची संधी हुकली. शिडाच्या जाळ्यात ही बातमी एका मोसमात पोचली असती, निर्वासितही आले असते. १५१७ ला कातोचेपाशी जी गाठ पडली ती मग अनोळख्यांची नसती. साथीने लोक कमी झालेले, पण कोण येतंय आणि का, हे जाणणारे. या दोन गोष्टी एकमेकींना किती तोडतील हे प्रदेशागणिक वेगळं असेल. माझा कल असा की किनारा आणखी उद्ध्वस्त होईल आणि आतला डोंगराळ भाग जास्त काळ लढेल.

नवशिका

वजनकाटा म्हणाले की पूर्वेला जाताच येत नाही. मग पठाण यांची होडी युकातानहून क्यूबाला जाणार कशी?

बारदेसकर

@नवशिका, वारा तिथे बहुतेक वर्षभर पूर्वेचा असला तरी हिवाळ्यात त्याला खंड पडतो. ऑक्टोबर ते एप्रिल उत्तरेकडून थंड हवेचे पट्टे खाली येतात. पट्टा येण्याआधी वारा आग्नेयेकडून दक्षिणेला, मग नैर्ऋत्येला फिरतो, नंतर एकदम वायव्य-उत्तरेचा जोरात सुटतो. पूर्वेला जायची खिडकी ही. पण फक्त पहिला अर्धा भाग वापरायचा. युकातानच्या खाडीतला प्रवाह उत्तरेला धावतो, मध्यभागी ३ नॉटच्या वर जाऊ शकतो. उत्तरेचा वारा त्याच्या तोंडावर आला की लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात, आणि बुटक्या कडेची होडी उलटत नाही, भरते. उपसायला तुंबे कितीही असले तरी पुरत नाहीत.

निघायचं कोझुमेलहून, कातोचेहून नाही. कोझुमेल ते क्यूबाचं सान आंतोनियो भूशिर म्हणजे पूर्वेला सुमारे १८० किमी आणि उत्तरेला सुमारे १४०. नाळ पूर्वेच्या किंचित उत्तरेला धरायची. उत्तरेचं बरंचसं अंतर प्रवाहच भरून देतो. ४ नॉट वेगाने साधारण २५ तास. कातोचेहून निघालं तर प्रवाह होडीला भूशिराच्या उत्तरेला आखातात ओढून नेतो. वारा दक्षिणेला फिरला की लगेच, पहाटे निघायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी उजेडात किनारा दिसतो. १० तासांच्या आत वारा वायव्येला वळलाच तर शीड उतरवून परत फिरायचं.

क्यूबाला लागल्यावर पुढे पूर्वेला जाणं सोपं आहे. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वारा येतो. किनाऱ्यापासून दोन-तीन किमीच्या आत राहून रात्री शिडावर चालायचं, सकाळी व्यापारी वारा उठला की एखाद्या खाडीत शिरून झोपायचं. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा काळ, तेव्हा मोठ्या होड्या पाण्याबाहेर. टेरेडो मारायला उन्हात वाळवणं आणि तळ धुरावर शेकून डांबर देणं, ही कामं त्याच महिन्यांत उरकायची.

पठाण

बारदेसकर यांचे २५ तास धरले तर कडेवर आणखी एक फळी हवी, २० सेंमीची. वजन साधारण ८० किलो वाढेल, तेवढा माल कमी. शिवणीची भोकं आतल्या बाजूने डांबराने बंद करा. बाहेरून केली तर लाटांचा मार लागून पहिल्याच फेरीत निघतील.